उपाशीपोटी सावनेरला

नागपुरात थंडी पडते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नागपूर म्हणजे ऊन, एवढ्यावर आमच्या पुण्याचा भूगोल संपतो. त्यामुळे जानेवारीत मी एक पातळ शाल घेऊन निघाले आणि पाच दिवस त्या शालीत कुडकुडत काढले. निघताना नवऱ्याने नेहमीप्रमाणे दारात हातावर दहीसाखर ठेवली. सासूबाई गेल्यापासून हे काम त्याने स्वतःकडे घेतलंय. "कडक बोलू नकोस लोकांशी," असं वर बजावलंही. मी एका प्रयोगशाळेत तीस वर्षं रक्ताच्या नळ्या सांभाळते आहे. कडक बोलल्याशिवाय नळ्यांवर नाव नीट लिहिलं जात नाही, हे त्याला कोण सांगणार?

मी गेले ती दुधाच्या चोरीचा तपास लावायला. हसू नका, खरंच सांगते.

गरोदरपणात काही बायकांना मधुमेह होतो. बहुतेकदा तो सहाव्या महिन्याच्या आसपास पकडला जातो, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. आमच्या अभ्यासाचं म्हणणं असं की तिसऱ्या महिन्याच्या आतच रक्त तपासलं, तर पुढे कुणाला साखर होणार याचा काही सुगावा लागतो का, ते बघावं. शरीरात अन्नाची मोडतोड होते, तेव्हा हजार बारीकसारीक पदार्थ तयार होऊन रक्तात फिरतात. त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. सुनेच्या ओट्यावर काय सांडलंय, ते पाहून सासू आत काय शिजलं ते ओळखते, तसाच हा प्रकार. सुगावा खरोखर लागतो की नाही, ते अजून ठरायचंय. पण ओटा आधी स्वच्छ हवा. म्हणजे बाई रात्रभर उपाशी हवी.

नागपूर शहरातून येणारे नमुने व्यवस्थित होते. घोळ होता नागपूरजवळच्या सावनेरचा. सावनेरच्या पलीकडच्या एका गावातून दर गुरुवारी सहा गरोदर बायका सावनेरमधल्या आमच्या छोट्या केंद्रावर येत. दोन गुरुवार रक्त घेतलं, दोन्ही वेळा सहाही जणींच्या रक्तात दुधातल्या साखरेची खूण सापडली. शिवाय उपाशीपोटीची साखरही सगळ्यांचीच थोडी वर. कागदावर मात्र सहाही जणींपुढे ठसठशीत लिहिलेलं : उपाशी.

"दूध पितात आणि खोटं सांगतात," आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले. "शनिवारपर्यंत उलगडा करा. नाहीतर सावनेरचं केंद्र बंद. शहरातल्याच बायका घेऊ."

म्हणून मी.

मंगळवार, महाल

स्टेशनावर वंदना घ्यायला आली होती. वंदना गजभिये ही आमच्या नागपूरच्या कामाची नर्स. चाळिशीची, स्कूटरवर बसली की बारीक आणि बोलायला लागली की चांगली ऐसपैस वाटते. मी लॉजवर उतरणार म्हटल्यावर तिने माझी बॅगच ताब्यात घेतली.

"लॉजवर काहून? माझं घर काय पडलं आहे का?"

"अहो, पण तुम्हाला त्रास—"

"त्रास होईन तर सांगीन नं मी तुमाले. बसा मागं."

पुण्यात असं आमंत्रण आलं, तर दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचार करायचा, अशी रीत आहे. इथे पहिलं 'नाही' पुरं व्हायच्या आत मी स्कूटरवर होते.

आमचं ऑफिस महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत, दोन खोल्यांचं. गल्ली इतकी चिंचोळी, की रक्ताच्या नळ्यांचा बर्फाचा डबा गाडीतून उतरवून हातात धरून न्यावा लागतो. वंदना पुढे "सरका गा, सरका भाऊ, औषध आहे!" असं ओरडत चालते. डब्यात रक्त आहे म्हटलं तर सगळे बघायला थांबतात, आणि औषध म्हटलं तर वाट देतात, असा तिचा अनुभव.

कोपऱ्यावर तिने मला तर्रीपोहे खायला घातले. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. मी माहेरची साताऱ्याची, तिखटाला भिणारी नव्हे, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. दुसऱ्या घासाला कानांतून वाफ निघाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि दुकानदार मोठ्या प्रेमाने विचारतोय, "थोडी अजून टाकू का, मॅडम?"

वंदनाने शांतपणे पाण्याचा ग्लास पुढे केला. "साताऱ्याच्या नं तुम्ही?"

पुढचे चार दिवस कुठेही तिखटाचा विषय निघाला, की तिने हे वाक्य म्हणायचं आणि मी शालीत तोंड लपवायचं, असं ठरूनच गेलं.

बुधवार

दिवसभर कागद तपासले. वंदनाचं काम चोख होतं. वेळ, नाव, नळी, बर्फ, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मी जरा हिरमुसलेच. चूक शोधायला आठशे किलोमीटर यावं आणि ती सापडू नये, याच्यासारखं दुःख नाही.

"मग या बायका दूध पितात, हे उघड आहे," मी म्हटलं.

"मॅडम, तिसरा महिना सुरू आहे त्यायचा. दुधाचा वास आला तरी उलट्या करून राहिल्या बिचाऱ्या. दूध कोण पिईन?"

हे मला सुचायला हवं होतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेजारणीने दूध तापवलं तरी मी खिडक्या लावून घ्यायचे.

संध्याकाळी तिच्या घरी बसलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलांची बक्षिसं. मी शेंगदाणे सोलत होते आणि वंदना सांगत होती.

"सहा जणींत एक कांचन आहे. मागच्या खेपेला तिचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. मोठं बाळ होतं. साखर होती तिले, पण कोणी पाहिलीच नाही. शेवटच्या दिवशी नागपूरले आणलं, तेव्हा समजलं." तिने माझ्यापुढची टरफलं गोळा केली. "सावनेर बंद झालं तर कांचन नागपूरले येणार नाही, मॅडम. तिची सासू येऊ देणार नाही. नागपूर म्हटलं का त्या बाईचे पाय लटपटतात. अन् आता सहाही जणींची साखर वर दिसून राहिली. कांचनची खरी वाढली का तिची बी या घोळातली, कसं ओळखू मी?"

मी शेंगदाणे सोलायची थांबले. पुण्यात तो कागदावरचा एक आकडा होता. आता त्याला कांचन नाव होतं.

"उद्या मी त्या बायकांबरोबर गावापासून येते," मी म्हटलं. "घरातून निघताना ते केंद्रावर पोचेपर्यंत नजर हलवणार नाही. बघू दूध कुठून येतं ते."

"लय थंडी राहते पहाटे."

"मी साताऱ्याची आहे," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

गुरुवार, सावनेरच्या वाटेवर

पहाटे पाचला स्कूटर. थंडीबद्दल वंदना बरोबर होती, एवढंच लिहिते. उजाडता उजाडता सावनेरचा रस्ता दिसायला लागला. रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची काळी भुकटी आणि कडेच्या बाभळींना कापसाच्या गाड्यांमधून उडालेला पांढरा कापूस अडकलेला. माझ्या शालीवर दोन्ही थोडं थोडं आलं.

मला गावात सोडून वंदना केंद्र उघडायला सावनेरला परत गेली. ती दर गुरुवारी तेच करते. केंद्राचं दार, बर्फ, नळ्या, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात, त्यामुळे गावातून ऑटो कसा निघतो, ते तिने कधी पाहिलेलंच नव्हतं.

ऑटो कांचनच्या घरासमोरून सुटतो. तीन महिने पुरे होईपर्यंत पोटातलं कुणाला सांगायचं नाही, ही रीत आमच्याकडेही आहे. म्हणून या सहा जणींनी गावाला सांगितलंय, की दाढ दुखते. दर गुरुवारी, सहाही जणींची. गाव काय खुळं आहे? पण गाव मोठं समजूतदार. ओसरीवरचा एक म्हातारा गंभीर चेहऱ्याने विचारत होता, "कोणती दाढ वं, वरची का खालची?" आणि एक पोरगी तितक्याच गंभीरपणे गालाला हात लावून म्हणाली, "खालची, आबा."

मी एकेकीला दारातच गाठलं. काही खाल्लं? नाही. चहा? नाही. दूध? त्यावर एकीने तोंडाला पदर लावला आणि ती भिंतीकडे पळाली, ते उत्तर पुरेसं होतं. कांचन शेवटी आली. सडसडीत, मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी. तिने उलट मलाच विचारलं, "खरं खरं समजीन नं, मॅडम, या बारी?"

"समजेल," मी म्हटलं. मनातून मला काही खात्री नव्हती.

तिची सासू कौसल्याबाई सगळ्यांना ऑटोत नीट बसवत होती. कुणाची शाल सारखी कर, कुणाला कडेला बसव, सगळ्यांचे निरोप घे, हातावर दहीसाखर ठेव, ऑटोवाल्याला "गड्ड्यातून हळू ने गा" असा दम भर. बाई एकटी आणि कामं दहा. मलाही म्हणाली, "घ्या मॅडम, तुमी बी चांगल्या कामाले निघाल्या." मी घेतलं, हात चाटला, शालीला पुसला आणि ऑटोत बसले. वाटेत नजर हलवली नाही. कुणी काही प्यायलं नाही, कुणी काही खाल्लं नाही. केंद्रावर उतरल्यावर मी स्वतःच्या हाताने सहा कागदांवर लिहिलं : उपाशी. आणि खाली सही केली.

वंदनाने बोट टोचून यंत्रावर साखर पाहिली. पहिलीची वर. दुसरीची वर. सहाही जणींची वर.

"यंत्र बिघडलंय," मी जाहीर केलं.

वंदनाने स्वतःचं बोट टोचलं. बरोबर आली. "तुमचं पाहू, मॅडम. तुमी बी उपाशीच आहात नं?"

माझी त्या सहा जणींच्याही वर.

"शक्य नाही!" माझा आवाज चढला. "रात्रीपासून माझ्या तोंडात पाण्याशिवाय काही गेलेलं नाही. मी काय खोटं बोलते?"

बाकावरून कांचन हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या शालीले दही लागून आहे."

मी शालीकडे पाहिलं. काळी भुकटी, पांढरा कापूस आणि एक वाळलेला दह्याचा डाग.

अगंबाई! दही म्हणजे दूधच की. आणि वर चांगली चमचाभर साखर. सहा बायका खोटं बोलत नव्हत्या. मीही बोलत नव्हते. दहीसाखर हे आपण खातच नाही मुळी, ती हातावर ठेवतात. तो शकुन. शकुनाला कोण जेवणात धरतं? तीस वर्षं मी लोकांना विचारत आले, चहा घेतला का, बिस्कीट खाल्लं का, औषध घेतलं का. दहीसाखर घेतली का, असं एकदाही विचारलं नव्हतं. मी स्वतः ती खाऊन पुण्याहून निघाले होते.

वंदना पोट धरून हसत होती. "आमच्या घरी शकुन पाळत नाही, म्हणून मले कधी सुचलंच नाही. पण तुमी तर सायन्सच्या, मॅडम!"

सहाही जणी हसायला लागल्या. मग मीही हसले, काय करते!

गुरुवार दुपार, कौसल्याबाईंच्या चुलीपाशी

उलगडा झाला, पण काम अर्धंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी खऱ्या उपाशीपोटी रक्त हवं होतं. म्हणून त्याच ऑटोतून मी गावात परतले आणि कौसल्याबाईंना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्यापुढे ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी ठेवली. तिकडे त्याला सोले म्हणतात. अशी भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. दुसरी भाकर मागून घेतली.

मग त्या म्हणाल्या, "बाकीच्यायले नाही देणार. त्या ऑटोत बसून पाहत राहतात, म्हणून त्यायच्या हातावर बी ठेवत होती. पण माह्या सुनेले देईन."

"मावशी, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"तोच दिवस असते, मॅडम." त्या चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत राहिल्या. "मागच्या खेपेले रातोरात नागपूरले नेलं. घाईघाईत हातावर दही ठेवाचं राहून गेलं. रिकाम्या हातानं गेली माही पोरगी, अन् रिकाम्या हातानं वापस आली."

या बाईने ते मूल दोन वर्षं स्वतःच्या पदरात बांधून ठेवलं होतं. दह्याची एक वाटी विसरली म्हणून. मला तिला सांगायचं होतं, की बाई गं, दह्याचा काही संबंध नव्हता, साखर कुणी पाहिली नाही. पण तिच्या चुलीपाशी बसून, तिची भाकर खाऊन तिला शहाणपण शिकवायला माझी जीभ रेटेना. मी, जी कडक बोलण्यासाठी प्रसिद्ध!

बोलली ती कांचन. भांडी घासता घासता, मान वर न करता.

"आई, उद्या नका देऊ. मले खरं पाह्यचं आहे."

कौसल्याबाईंनी न विचारता माझ्या ताटात तिसरी भाकर टाकली.

शुक्रवार

रात्र मी कौसल्याबाईंकडेच काढली. सकाळी ऑटो उभा होता. सहा बायका, सहा दाढा. कौसल्याबाई बाहेर आल्या, त्या रिकाम्या हाताने. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी कमरेची स्टीलची डबी आणि एक कागदाची पुडी चाचपली आणि स्वतःच ऑटोत चढल्या.

"मी बी येते. तिथं सुई टोचून झाली का मंग देईन. शकुन थोडा उशिरा झाला तं देव काय घड्याळ पाहून राहते?"

ऑटोत आता आठ जणी झालो. मी कुठे बसले ते विचारू नका, अर्धी मी हवेतच होते.

केंद्रावर एकेकीचं आधी बोट टोचलं, मग नळीत रक्त घेतलं. नळी भरून बर्फात गेली, की कौसल्याबाई पुढे होत, तळहातावर डबीतलं दही, वर पुडीतली साखर. आणि वंदना यंत्रावरचा आकडा वाचे. पहिलीची बरोबर. दुसरीची बरोबर. पाचही जणींची छान खाली आलेली. खोलीत लग्नघरासारखा कलकलाट सुरू झाला. म्हणजे सगळं त्या दह्याचंच होतं तर!

कांचनचं बोट टोचलं. वंदनाने आकडा पाहिला आणि वाचला नाही. दुसऱ्या बोटाचा घेतला. तोही तसाच.

"वर आहे," ती म्हणाली. "हे दह्याचं नाही, कांचन. हे तुझं आहे."

कांचनने डोळे मिटले, मग उघडले. "मागं नवव्या महिन्यात समजलं होतं," ती म्हणाली. "आता तिसराच आहे नं?"

"तिसराच आहे," वंदना म्हणाली. "आजच डॉक्टरले दाखवू. जेवण सांगतील, चालणं सांगतील, लागलं तर औषध. दर गुरुवारी मी पाहीन. आता सगळं हातात आहे आपल्या."

कौसल्याबाई डबी धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "माह्या दह्यानं नाही नं झालं हे?"

"नाही, मावशी."

"अन् मागच्या खेपेले... दही नव्हतं म्हणून नाही?"

"नाही हो मावशी. मुळीच नाही. तेव्हाही हीच साखर होती, कुणी पाहिली नव्हती."

त्या खाली बाकावर बसल्या. पदर तोंडाला लावून थोडं रडल्या. सगळ्यांच्या देखत, कुणाची पर्वा न करता. मग डोळे पुसून उठल्या. साखरेची पुडी मुडपून कमरेला खोचली आणि सुनेच्या तळहातावर नुसतं दही ठेवलं.

कांचनने चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "लय आंबट आहे वं, आई."

"असू दे," कौसल्याबाई म्हणाल्या.

वंदनाने त्या सगळ्यातही माझं बोट सोडलं नाही. या वेळी मी खरोखर उपाशी होते आणि तरी माझी साखर वरच होती. "पुण्यात जाऊन दाखवते," मी म्हटलं. "साताऱ्याच्या नं तुम्ही?" ती म्हणाली.

परत आले. नमुने तपासले गेले, दुधाची खूण नाहीशी झाली होती, सावनेरचं केंद्र चालू राहिलं. डॉक्टरसाहेबांनी आमच्या छापील प्रश्नांमध्ये एक ओळ वाढवली : 'निघताना हातावर काही ठेवले होते का?' त्या ओळीचं श्रेय माझ्या शालीला आहे. शाल मी अजून धुतलेली नाही.

हे लिहून ठेवलं आणि पुढे सरकेना, कारण शेवट ठाऊक नव्हता. मग परवा, जुलैच्या भर पावसात, वंदनाचा फोन आला. ती काही सांगणार, तोच कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, तुमची साखर काय म्हणते?" कौसल्याबाई होत्या.

"बरी आहे, मावशी," मी म्हटलं. "गोळ्या घेते. कांचनचं सांगा आधी."

"पोरगी झाली. वजन बरोबर आहे म्हणते डॉक्टर. काल घरी आणली." त्या थोडं थांबल्या. मागे एक बारीक आवाज रडत होता, तो मला नीट ऐकू यावा म्हणून थांबल्या असाव्यात. "या बारी भरल्या हातानं आली वं, मॅडम, माही पोरगी. भरल्या हातानं आली."